खेळण्यातले अंतराळयान: घ्यावे की न घ्यावे?



'मूल्य' या विषयावर आतापर्यंतच्या व्याख्यानांत आपण बऱ्याच वजनदार गोष्टी बोललो. आजचा प्रश्न हलका आहे, निदान दिसायला तरी. एक खेळणे विकत घ्यावे की न घ्यावे, एवढाच. हसू नका. आयुष्यभर वर्गात मूल्यमीमांसा शिकवली आणि हा प्रश्न घरात विचारला गेला तेव्हा आम्हाला पाच मिनिटांत उत्तर देता आले नाही. म्हणून तो इथे तुमच्यासमोर आणला आहे.

घडले ते असे. आमचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, नऊ वर्षांचा आहे. वाढदिवसाला त्याला लेगोचे एक अंतराळयान हवे आहे. त्याच्या आईने हुशारीने निर्णय आमच्यावर ढकलला. "आजोबा म्हणाले घेण्यासारखं आहे, तर घेऊ." झाले, संध्याकाळी नातवाचा फोन. त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, "आजोबा, ते घेण्यासारखं आहे का?" दुसरा प्रश्न त्याने जरा थांबून, आवाज बारीक करून विचारला. तो आपण योग्य जागी घेऊ.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची कंपनी. ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली तिची सुरुवात केली, तेव्हा ती लाकडी वस्तू करत असे. आज आपण जो ठोकळा ओळखतो, वर गोल बटणे आणि आत पोकळ नळ्या असलेला, त्याचे पेटंट जानेवारी १९५८ मधले. 'गॅलक्सी एक्स्प्लोरर' नावाचे निळे-करडे, पिवळ्या काचांचे यान त्यांनी १९७९ साली काढले. त्यात ३३८ तुकडे होते. कंपनीला नव्वद वर्षे झाली तेव्हा, २०२२ साली, त्याच यानाची मोठी आवृत्ती आली. तुकडे १२५४, लांबी ५२ सेंटिमीटर, आत चार अंतराळवीर आणि एक यंत्रमानव. मागचे दार उघडले की छोटी गाडी बाहेर येते. तेव्हाची अमेरिकेतली किंमत ९९.९९ डॉलर, म्हणजे शंभरच म्हणा. नातवाला हवे आहे ते हे.

आता 'घेण्यासारखे' म्हणजे काय? या खेळण्यांचे शौकीन पहिले माप लावतात ते दर तुकड्यामागे किमतीचे. किंमत भागिले तुकडे. भाजीवाल्याकडे आपण पावशेराचा भाव विचारतो, तसेच. त्या किमतीला गॅलक्सी एक्स्प्लोररचा भाव तुकड्याला सुमारे ८ सेंट पडतो. 'सॅटर्न-५' रॉकेटचा सेट २०१७ साली ११९.९९ डॉलरला आला, तुकडे १९६९. माणूस चंद्रावर उतरला ते वर्षही १९६९, म्हणून मुद्दाम तेवढे. त्याचा भाव ६ सेंट. त्याच वर्षी 'मिलेनियम फाल्कन' हे चित्रपटातले यान ७५४१ तुकड्यांचे आले, किंमत ७९९.९९ डॉलर. भाव साडेदहा सेंटच्या वर.

या मापाने सॅटर्न स्वस्त, फाल्कन महाग आणि आमच्या नातवाचे यान मधले. माप वाईट नाही. निदान कुठे डोळे झाकून पैसे जात आहेत, ते कळते. पण त्याच्या मर्यादा लगेच दिसतात. नखाएवढा तुकडाही एक आणि हाताएवढा पंखही एक. बारीक तुकडे जास्त घातले की भाव आपोआप उतरतो. शिवाय आपल्याकडे येईपर्यंत भाव तोच राहत नाही. आयात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. म्हणून तर परदेशातून येणाऱ्या मुलाबाळांच्या बॅगांत, खोके फेकून देऊन, नुसत्या पिशव्या भरून हे सेट येतात. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे झाले असेल.

पण या मापाचा खरा दोष वेगळा आहे. त्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल. 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात भिक्षू नागसेन आणि ग्रीक राजा मिलिंद यांचा संवाद आहे. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी उत्तर 'नाही'. मग रथ कुठे आहे? भाग एका रीतीने जुळले की त्यांना आपण 'रथ' म्हणतो, इतकेच. दर तुकड्यामागे भाव काढणारा माणूस नकळत इथेच उभा असतो. त्याच्या लेखी यान असे काही नाही, १२५४ तुकडे आहेत आणि त्यांना दिलेले एक नाव आहे.

नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की अवयवांपासून अवयवी ही एक नवी वस्तू निर्माण होते. सुतांपासून झालेले वस्त्र म्हणजे सुतांचा ढीग नव्हे. सुतांचा ढीग अंगावर पांघरता येत नाही. त्यांनी वस्त्राची तीन कारणे सांगितली. सूत हे समवायी कारण, म्हणजे ज्यात वस्त्र राहते ते. सुतांची एकमेकांशी जुळणी, म्हणजे संयोग, हे असमवायी कारण. आणि विणकर, माग वगैरे ही निमित्त कारणे. शब्द जड आहेत, पण दुकानात उभे राहून लावायला फार सोपे आहेत बरं का! तुकडे, जुळणी आणि जुळवणारा. दर तुकड्यामागे भाव काढताना आपण यातले पहिले कारण मोजतो आणि उरलेली दोन विसरतो.

म्हणून आता जुळणीकडे पाहू. इथे तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, ठोकळे एकमेकांना कसे बसतात. बसवताना अंगठ्याचा थोडा जोर लागला पाहिजे आणि काढताना नख मोडता कामा नये. हे साधायला साच्याची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक लागते. लेगोचे पैसे मुख्यतः या गोष्टीचे आहेत. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. याचा अर्थ असा की आज घेतलेला सेट घरातल्या जुन्या ठोकळ्यांत मिसळतो आणि पुढे येणाऱ्यांतही मिसळेल. स्वस्तातल्या नकला घेऊ नयेत असे आम्ही म्हणणार नाही, त्यांतल्या काही चांगल्या असतात. पण घेतल्यास एक परीक्षा करावी. यान पूर्ण झाल्यावर एका पंखाला धरून उचलावे. पंख हातात आणि यान जमिनीवर राहिले, तर मुलाचा हिरमोड ठरलेला. आणि हो, भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, तेही पाहावे. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल, तर बारीक तुकड्यांचा कुठलाच सेट जमिनीवर उघडू नये. तुकडे तोंडात जातात.

दुसरी गोष्ट, चित्रे छापलेली आहेत की स्टिकर आहेत. ही बाब क्षुल्लक वाटते, पण तशी नाही. स्टिकर दोन तुकड्यांवर मिळून चिकटवला की ते तुकडे पुन्हा सुटे करता येत नाहीत. शिवाय तो वाकडा लागतो आणि दोन वर्षांत कडा सोडतो. गॅलक्सी एक्स्प्लोररमध्ये चिन्हे तुकड्यांवरच छापलेली आहेत. त्याला एक गुण द्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या तुकड्यांतून आणखी काय होते? कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी एक हिशेब केला आहे. आठ बटणांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले, तर ते एकमेकांना किती प्रकारे जोडता येतात? उत्तर आहे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहा ठोकळे! पण हे खरे आहे साध्या ठोकळ्यांच्या बाबतीत. काही सेटमध्ये असे खास घडवलेले तुकडे असतात की ते त्या एका यानाच्या त्या एका जागीच शोभतात. तिथे शक्यता आटतात. नातवाच्या यानात बरेच तुकडे साधे आहेत आणि त्याच तुकड्यांतून १९७९ चीच आणखी दोन लहान याने करण्याच्या सूचना कंपनीने दिल्या आहेत. म्हणजे एका डब्यात तीन अवयवी आहेत, आणि पुस्तिका मिटल्यावर पुढचे किती ते कोण सांगणार?

नैयायिकांचा आणखी एक शब्द इथे कामाला येतो. वस्तू निर्माण होण्यापूर्वी तिचा जो अभाव असतो, त्याला ते प्रागभाव म्हणतात. वस्तू मोडल्यावर जो अभाव होतो, तो प्रध्वंसाभाव. जमिनीवर ठोकळे पसरलेले असतात. आईला तिथे प्रध्वंसाभाव दिसतो, 'एवढं महागाचं यान मोडलं!' मुलाला त्याच ठिकाणी प्रागभाव दिसतो, 'आता काय करू?' ढीग तोच असतो. खेळण्याचे मूल्य त्यातल्या कुठल्या अभावाला आपण घरात जागा देतो, यावर ठरते.

इथे आपण तिसऱ्या कारणाकडे आलो. जुळवणारा कोण? तो डब्यात येत नाही, तो घरी असतो. गॅलक्सी एक्स्प्लोररच्या खोक्यावर वय लिहिले आहे १८ च्या पुढे. हा धोक्याचा इशारा नव्हे. १९७९ साली जे मूल होते आणि आज ज्याच्या खिशात पैसे आहेत, त्या माणसाला घातलेली ती साद आहे. नऊ वर्षांचे, हाताला सवय असलेले मूल थोड्या मदतीने हे यान करू शकते. पण आपण स्वतःला विचारावे की हे यान कोणाला हवे आहे? मुलाला, की त्याच्या आडून आपल्याला?

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या सत्तरीला मुलाने अमेरिकेहून मघाचे ते सॅटर्न-५ आणले. नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. रोज संध्याकाळी आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर बसायचो. तो रंग पाहून तुकडे शोधून द्यायचा, आम्ही लावायचो. सुमारे मीटरभर उंच रॉकेट उभे राहिले. खऱ्याच्या एकशेदहाव्या हिश्श्याचे. त्याचे तीन टप्पे सुटे होतात, आत चांद्रयान आहे. ते झाल्यावर नातवाने विचारलं, "आता याचं काय करायचं?" आम्ही म्हटलं, "आता बघायचं." आणि ते हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवून काच सरकवली. एकदा त्याने काच सरकवून वरचा टप्पा काढला, चार तुकडे निखळले आणि आम्ही रागावलो. जरा जास्तच रागावलो. तेव्हापासून तो आमच्याकडे आला की शोकेससमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. आम्हाला ते शिस्तीचे वाटत होते. पाहुण्यांना कौतुकाने दाखवतही होतो.

तर परवा फोनवर त्याने विचारलेला दुसरा प्रश्न हा होता. "आजोबा, हे पण शोकेसमध्ये ठेवावं लागेल का?"

मित्रहो, फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात खेळण्यांवर छोटासा लेख लिहिला आहे. त्यांचे म्हणणे असे की तयार खेळणी मुलाला मालक करतात, वापरणारा करतात, निर्माता करत नाहीत. साधे ठोकळे मात्र निर्माता करतात. आम्ही हा मजकूर वर्गात अनेकदा शिकवला आहे. आणि घरात ठोकळ्यांचे एकशेवीस डॉलरचे खेळणे आणून त्याचा देव्हारा केला. ठोकळेसुद्धा मुलाला निर्माता करतीलच असे नाही. मोडायची परवानगी नसेल, तर तेही नुसते मालकी शिकवतात. आमच्या घरी तर मालकीही नव्हती, राखणदारी होती.

शोभेची वस्तू घेण्यात काही गैर नाही. फाल्कन ८४ सेंटिमीटर लांब आहे. कुठलेही मूल ते हातात धरून घरभर 'झूंऽऽ' करत फिरवू शकणार नाही. ज्याला ते आपल्या टेबलावर ठेवायचे आहे, त्याने जरूर घ्यावे, पण शोभेची वस्तू म्हणून, स्वतःच्या नावाने घ्यावे. मुलाच्या वाढदिवसाच्या खर्चात लिहू नये.

आमच्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी वेगळाच सल्ला दिला. "प्रोफेसर, घ्या, पण डबा उघडू नका." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या दोन हजारांहून अधिक सेटच्या किमती तपासल्या. उत्पादन बंद झालेल्या, न उघडलेल्या डब्यांवर वर्षाला सरासरी किमान ११ टक्के परतावा मिळाल्याचे त्यांना आढळले. पण ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये सांगून ठेवले आहे की चपलेचे दोन उपयोग असतात, पायात घालणे आणि बदल्यात देणे. त्यातला चपलेचा स्वतःचा उपयोग पहिला. न उघडलेला डबा ही कदाचित चांगली ठेव असेल. ते खेळणे मात्र नव्हे. आणि सरासरी म्हणजे आपल्या हातातला डबा नव्हे, हेही बँकवाल्यांना आम्ही सांगितले.

आणखी एक प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारावा, मुलाला ते का हवे आहे? 'मृच्छकटिक' नाटकाचे नावच मुळी एका खेळण्यावरून आले आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीच्या गाडीवर समाधानी नाही, कारण शेजारच्या मुलाची गाडी सोन्याची होती. तो रडतो. वसंतसेनेला गहिवरून येते आणि ती आपले दागिने त्या गाडीत भरते. पुढे तेच दागिने न्यायालयात चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. प्रेमापोटी केलेली महागडी खरेदी कुठवर जाते पाहा! मुलाचे मागणे 'त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही' एवढेच असेल, तर कुठलेही यान ते भागवणार नाही, शेजारी पुढच्या वर्षी मोठे यान येईल. पण मूल घरातल्या पुठ्ठ्यांची याने करत असेल, तर गोष्ट वेगळी.

आणि पैसे नसतील तर? तर काही अडत नाही. आमच्या पिढीत मेकॅनो ज्याच्या घरी असे, तो श्रीमंत. फ्रँक हॉर्नबी यांनी लिव्हरपूलला १९०१ साली त्याचे पेटंट घेतले. आम्ही ते लांबूनच पाहिले. पण अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांतून जोडणीचा खेळ मुलांच्या हाती दिला. त्रिकोण, चौकोन, मग घन आकार, सगळे होते. खर्च काही रुपयांचा. पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हजारो मुलांनी अशी खेळणी स्वतः केली आहेत. आपली तीन कारणे तिथे लावून पाहा. तुकडे मिळतात, जुळणी होते, आणि जुळवणारा तर तिथे हजरच असतो. लेगोचा ठोकळा त्याहून टिकाऊ आणि नेमका आहे, त्याचे जास्त पैसे पडतात, एवढाच फरक. म्हणून पन्नास सेट घेतलेले घर श्रीमंत आणि काड्या जोडणारे घर गरीब, असे या बाबतीत म्हणता येत नाही.

तर उत्तर काय? गॅलक्सी एक्स्प्लोरर घेण्यासारखे आहे. तुकड्यांचा भाव रास्त आहे, जुळणी भक्कम आहे, चित्रे छापील आहेत, एकाची तीन होतात, आणि नऊ वर्षांचे मूल दोन हातांत धरून ते उडवू शकते. ते घेताना ओढाताण होत असेल, तर साध्या मिश्र ठोकळ्यांचा डबा घ्यावा. त्यात याने कमी होत नाहीत, उलट वाढतात. फक्त खोक्यावर चित्र नसते.

लेकीला आम्ही हेच कळवले आणि दोन अटी घातल्या. मुलाला नव्हे, मोठ्यांना. डबा वाढदिवसाच्या दिवशीच उघडायचा, ही पहिली. दुसरी, यान पूर्ण झाल्यावर ते कधी मोडायचे ते त्याने ठरवायचे, आणि मोडताना कुणी "अरेरे" म्हणायचे नाही. लेक म्हणाली, "बाबा, ही अट तुम्हालाच जास्त अवघड जाईल." खरे आहे.

नातवाला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देणे बरे वाटले नाही. गेल्या रविवारी तो आला, नेहमीसारखा शोकेससमोर हात मागे बांधून उभा राहिला. आम्ही काच सरकवली, सॅटर्न बाहेर काढून सतरंजीवर आडवे ठेवले आणि बाजूला बसलो. त्याने बराच वेळ हात लावला नाही. दोनदा विचारलं, "खरंच?" मग पहिला टप्पा सोडवला. संध्याकाळपर्यंत त्याचे पाण्याचा टँकर आणि एक लांबलचक पूल झाले होते. पूल मधेच वाकत होता, त्याला आधार कसा द्यायचा यावर आमचा त्याच्याशी वाद झाला, आणि त्याचे म्हणणे बरोबर निघाले.

वेळ संपत आली आहे. इथे थांबतो. कोणाला काही विचारायचे असेल, तर जरूर विचारा.